पन्नासावं तावदान

धाकटीला पायऱ्या मिळाल्याचं कळलं त्या दिवशी मी दाढ दुखते असं सांगून जेवले नाही. दाढ ठणठणीत होती. दुखत होतं ते पोटात, आणि ते माझं जुनं दुखणं आहे. धाकटी जन्मली तेव्हापासूनचं म्हटलं तरी चालेल.

पायऱ्या म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर म्हातारीला वेड लागलं असं वाटायचं.

आमचं विद्यापीठ खासगी. सरकारचा छदाम त्यात नाही. आज तिथे उंच उंच इमारती आहेत, संशोधनाचे वीस-बावीस विभाग आहेत, जगभरातून मुलंमुली शिकायला येतात आणि पाहुणे आले की फाटकातच फोटो काढत बसतात. पण हे सगळं सुरू झालं ते एका काचेच्या कारखान्यात. आमचे मालक बाटल्या बनवायचे. औषधाच्या, शाईच्या, अत्तराच्या. धंदा बसायला लागला तेव्हा त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आपण आयुष्यभर रिकाम्या बाटल्या विकल्या, आता त्यांत भरायचं काहीतरी नवीन शोधून काढणारी माणसं गोळा करावीत. भट्ट्यांच्या शेडमध्ये भिंती घातल्या, टेबलं टाकली, कारखान्यातच फुंकलेल्या परीक्षानळ्या मांडल्या आणि झालं विद्यापीठ. म्हणून आमच्याकडे अजूनही विभागाला कोणी विभाग म्हणत नाही. रसायनवाले पहिल्या भट्टीत, वनस्पतीवाले दुसऱ्या भट्टीत आणि मातीवाले तिसऱ्या. मी तिसऱ्या भट्टीतली. सगळी हयात माती चाळण्यात गेली. धाकटी दुसऱ्या भट्टीतली. म्हणजे नंबरातही ती माझ्या पुढेच.

उद्घाटनाच्या दिवशी मालक मोठ्या शेडच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि भाषण ठोकू लागले. मी हे केलं, मी ते केलं, ही जमीन मी दिली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून मालकीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चूक. जमीन माझ्या वडिलांची." मालकांनी विचारलं, "कशावरून?" बाई म्हणाल्या, "तुम्ही ती बघायला आलात तेव्हा मलाही बघायलाच आला होतात, यावरून." लोक खो खो हसले. पण मालक मोठे गमतीचे गृहस्थ. ते खाली उतरले, बाईंना म्हणाले, "मग पुढचं तूच सांग." आणि उरलेलं भाषण बाईंनी केलं.

तेव्हापासून ही आमची रीत. वर्ष सुरू झालं की त्याच पायऱ्यांवरून कोणीतरी जुनंजाणतं माणूस नव्या मुलांना विद्यापीठाची सगळी कथा सांगतं. हातात कागद घ्यायचा नाही. सांगणाऱ्याची चूक झाली तर ऐकणाऱ्यांपैकी कोणीही उठून 'चूक' म्हणायचं. सभा एका आवाजात विचारते, "कशावरून?" टोकणाऱ्याने खरं काय ते सांगून पुरावा द्यायचा. तो पटला तर सांगणारा खाली, टोकणारा वर, आणि उरलेली कथा त्याची. नाही पटला तर टोकणाऱ्याने दिवसभर पहिल्या भट्टीत उष्ट्या परीक्षानळ्या घासायच्या. भल्याभल्यांनी घासल्या आहेत.

आणि जो कथा पूर्ण करेल त्याचं नाव शेडच्या मोठ्या खिडकीच्या एका तावदानावर कोरतात. दर वर्षी एक तावदान. सकाळचं ऊन आलं की नावांच्या सावल्या आतल्या फरशीवर पडतात आणि मुलं त्यांच्यावरून चालत जातात. खिडकीच्या मधोमध एक तावदान बाकीच्यांपेक्षा मोठं आहे. ते सुवर्णमहोत्सवासाठी राखून ठेवलेलं होतं. मालकांनीच तसं सांगून ठेवलं होतं. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात फुंकरकाकांनी, म्हणजे आमच्या काच फुंकणाऱ्या कारागिराने, मला ते दाखवलं होतं. तेव्हाच मी मनाशी म्हटलं होतं, हे माझं. माझ्याइतकी या जागेची कथा कोणाला येते? घड्याळाचा मनोरा कधी झाला, ग्रंथालयाला आग कधी लागली, कुठल्या कुलगुरूंना कुठल्या प्राध्यापकाने चहा पाजून बाहेरचा रस्ता दाखवला, सगळं तोंडपाठ. मला कधीच पायऱ्या दिल्या नाहीत, तरी मी वाईट वाटून घेतलं नाही. मला वाटायचं, मला पन्नासाव्या वर्षासाठी ठेवलंय.

आणि पन्नासाव्या वर्षी सभेने निवडलं धाकटीला.

कोणी म्हणेल, काय बिघडलं, बहीणच ना? ज्यांना धाकटी बहीण नाही तेच असं म्हणू शकतात. माझी पाटी हिने फोडली, माझ्या रिबिनी हिने हरवल्या, माझी सायकल हिने विहिरीत घातली. दर वेळी आई म्हणायची, "जाऊ दे गं, लहान आहे." ती अजूनही लहानच आहे, साठी उलटली तरी. मी मात्र तेव्हाच शहाणी झाले आणि कपाटाला कुलूप घालायला लागले. किल्ली गळ्यात. पुढे नोकरीतही तीच सवय राहिली. माझी प्रयोगशाळा बंद, खण बंद, कपाट बंद. मुलं मला पाठीमागे कुलूपबाई म्हणत. पाठीमागे कसलं, समोरसुद्धा म्हणत.

हिला या विद्यापीठात आणलं मी. अर्ज करायला लावला मी. पहिली दोन वर्षं माझ्याच खोलीत राहिली. आणि मग ती कुठे पोचली बघा! तांबेऱ्याचा रोग न लागणारा गहू हिने काढला. आज ज्या गव्हामुळे आमचं नाव देशोदेशी घेतात, ज्याच्यामुळे विद्यापीठ बुडता बुडता वाचलं, तो हिचा. मी मातीतल्या क्षारांवर जे काही लिहिलं ते वाचणारी माणसं एका बैठ्या टेबलाभोवती मावतील. हिला मानपत्रं, हिला पदकं, हिच्या नावाची खोली. मला निवृत्तीच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ. तेही मागे पडतं.

आम्ही दोघी एकाच इमारतीत राहतो. ती वर, मी खाली. निवड झाल्यापासून ती वर फेऱ्या मारत कथा पाठ करायची आणि मला खाली तिची पावलं ऐकू यायची. मधेच ती खाली यायची, दाराला टेकून विचारायची, "ताई, मनोरा आधी की वसतिगृह आधी?"

एकदा मनात आलं, वसतिगृह म्हणून सांगावं. कोणाला कळणार होतं? पायऱ्यांवर तिने तसं सांगितलं असतं, मी उठले असते, 'चूक' म्हणाले असते आणि तावदान माझं. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण चुकीची माहिती माझ्या तोंडून बाहेर पडत नाही. हा चांगुलपणा नव्हे, ही खोड आहे.

"मनोरा," मी म्हणाले. "आणि मनोऱ्याचं घड्याळ दुसऱ्या वर्षी बसवलं. तू नेहमी एकदम बसवलं म्हणतेस."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "तू असताना मला काय काळजी!"

अंगाचा तिळपापड झाला. पण मी एक निश्चय केला. तिला खोटं सांगायचं नाही, पण तिचं एक अक्षरही सोडायचं नाही. पुढच्या रांगेत बसायचं, कान टवकारून ऐकायचं आणि ती घसरली की उठायचं. धाकटीला तारखा राहत नाहीत, माणसांची नावं राहत नाहीत. पंधरा मिनिटांत कुठेतरी घसरणारच. रीतच आहे ती. यात कोणी मला वाईट म्हणू शकत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी पटांगण भरून गेलं होतं. नवी मुलं जमिनीवर, जुनी माणसं खुर्च्यांवर. एका बाजूला कॅमेरा लावलेला. कुलगुरू आधी उठून म्हणाले की यंदाची कथा चित्रित होणार, इथून पुढे दर वर्षी येणाऱ्या प्रत्येक मुलाला दाखवली जाणार आणि विद्यापीठाचा अधिकृत इतिहास म्हणून हीच राहणार. माझ्या शेजारी गणिताचे निवृत्त सर बसले होते. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "काय कुलूपबाई, आज टपून बसलाय वाटतं?"

"मी बहिणीचं कौतुक ऐकायला आलेय," मी म्हणाले.

"हो, हो. मीही," ते म्हणाले आणि बाह्या सरसावून बसले.

धाकटी पायऱ्यांवर आली. साधीच आली होती, केस नेहमीसारखे विस्कटलेले. मला वाटलं होतं ती अडखळेल. कसली अडखळते! मालकांची गोष्ट तिने अशी सांगितली की मुलं लोळायची बाकी राहिली. मालकीणबाईंचा आवाज काढला, मालकांची मान हलवून दाखवली. मग पहिले चार शिक्षक, बाटल्यांत केलेले पहिले प्रयोग, बाहेरच्या लोकांनी उडवलेली टर. मनोरा बरोबर सांगितला. घड्याळ दुसऱ्या वर्षी बसवलं, तेही. मी शिकवलेलं माझ्याच तोंडावर फेकल्यासारखं वाटलं.

ग्रंथालयाच्या आगीशी गणिताचे सर उसळून उठले. "चूक!"

"कशावरून?" सभा ओरडली.

सर म्हणाले की आग वरच्या मजल्यावर लागली, खालच्या नव्हे, कारण धूर वरून येताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मागून ग्रंथपालबाईंनी शांतपणे सांगितलं, "धूर वरूनच येणार, सर. जिना मधे आहे." सगळे हसले. सर लाल होऊन खाली बसले आणि त्यांना परीक्षानळ्या घासायला लागणार म्हणून रसायनाची मुलं टाळ्या पिटू लागली. मला जरा धडकी भरली. उठायचं तर खात्रीने उठायला हवं.

पण उठायचं कुठे? धाकटी मधासारखी वाहत होती. एकेक वर्ष मागे पडत होतं आणि माझं तावदान माझ्या डोळ्यांसमोर तिच्या नावाचं होत होतं. मी दातओठ खात बसले. आणि मग ती बंद पडलेल्या वर्षापाशी आली.

ते वर्ष आमच्याकडे सगळ्यांना ऐकून माहीत आहे. मालक गेले, त्यांच्या मुलांत भांडणं लागली, विद्यापीठाचा पैसा अडकला. थंडीच्या तोंडावर वीज तोडली गेली. अर्धी माणसं दुसरीकडे नोकऱ्या शोधायला निघून गेली. दुसऱ्या भट्टीत काचनळ्यांमध्ये गव्हाची कोवळी रोपं होती. रानगवताशी संकर करून मिळालेली. त्या संकराचा दाणा भरत नाही, म्हणून आतला अंकुर काढून नळीत वाढवावा लागतो. ऊब कमीजास्त झाली की मेला. पुन्हा तसा संकर साधेल याची खात्री नव्हती. ती रोपं गेली असती तर गहू गेला असता, आणि गहू गेला असता तर आज तिथे बहुधा गोदाम असतं.

"ती रोपं मी वाचवली असं सगळीकडे छापलंय," धाकटी पायऱ्यांवरून म्हणाली. "आज मी खरं सांगणार आहे. ती रोपं माझ्या ताईने वाचवली. फुंकरकाकांची एक लहान भट्टी तेवढी चालू होती, काच हळूहळू निववायची. तिथे आम्ही नळ्या नेल्या. पण भट्टीकडची बाजू तापायची आणि पलीकडची गार पडायची. तेव्हा ताईने आपला नवा लोकरीचा स्वेटर मला दिला. राखाडी रंगाचा. तो कापून आम्ही एकेका नळीला बाही शिवली. ताई रोज यायची. रोज. ती नसती तर काही उरलं नसतं. तुम्ही आज जिथे बसला आहात ते तिच्यामुळे. ती बघा, पुढच्या रांगेत बसली आहे."

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. कॅमेराही वळला. टाळ्या सुरू झाल्या.

मी जागच्या जागी थिजले. कारण हे चूक होतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चूक. ज्या क्षणाची मी सकाळपासून वाट बघत होते तो समोर आला होता, आणि त्याला हात लावला तर हे सगळं जात होतं. गप्प बसले तर दर वर्षी प्रत्येक मूल ऐकणार होतं की गहू माझ्यामुळे वाचला. धाकटीचा गहू! चाळीसेक वर्षं जो माझ्या डोळ्यांत खुपला तो एका सकाळीत माझा होत होता. उठले तर पायऱ्या माझ्या, तावदान माझं, पण गहू मला स्वतःच्या तोंडाने तिला परत द्यावा लागणार होता. कॅमेऱ्यासमोर.

मी खरं सांगते, मी बसून राहणार होते. त्या टाळ्या फार गोड होत्या. मी मान किंचित झुकवलीसुद्धा. पण तेवढ्यात मी धाकटीकडे पाहिलं. ती वरून माझ्याकडे बघत हसत होती. लहानपणी माझ्या डब्यातला लाडू खाऊन त्यातलाच अर्धा मला परत देताना हसायची ना, तशी. देत होती मला. दान करत होती. हिच्याकडे इतकं झालंय की आता वाटत सुटलीय. आणि ते सुद्धा स्वेटर 'दिला' म्हणून? दिला?

माझं मला कळायच्या आत मी उभी होते.

"चूक!"

टाळ्या तुटल्या. मग मागून कोणीतरी, आणि मग सगळ्यांनी मिळून विचारलं, "कशावरून?"

"कशावरून म्हणजे काय? स्वेटर माझा होता!" मी म्हणाले. "मी दिला नव्हता. हिने चोरला. माझ्या कपाटातून, मला न विचारता. मी तो एकदाही अंगात घातला नव्हता. संध्याकाळी मी गेले तर हिने त्याच्या चिंध्या केलेल्या. पुढे कितीतरी दिवस मी हिच्याशी बोलले नाही. इथे पहिल्या भट्टीतले जुने लोक बसलेत, त्यांना विचारा, आमची भांडणं पार फाटकापर्यंत ऐकू जायची."

"जायची, जायची," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"आणि रोपं?" कुलगुरूंनी विचारलं. "ती कोणी वाचवली?"

"हिने," मी म्हणाले. तिथेच थांबावंसं वाटलं. पण अर्धवट पुरावा आमच्याकडे चालत नाही. "एकटीने."

सभेने हात वर केले. पटलं. धाकटी पायऱ्या उतरली आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसली.

मी वर गेले. गुडघे कुरकुरत होते. पायऱ्या खालून दिसतात त्यापेक्षा उंच आहेत. वरून सगळी मुलं माझ्याकडे बघत होती आणि माझ्या मागे ती मोठी खिडकी होती. इतकी वर्षं या जागेवर उभं राहून काय काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. मनोरा, मातीचं काम, तिसऱ्या भट्टीची कोणी सांगत नाही ती बाजू. पण रीत अशी की कथा जिथे तुटली तिथूनच पुढे न्यायची. आणि ती तुटली होती फुंकरकाकांच्या खोलीत, धाकटीच्या नळ्यांपाशी.

मग मी सांगायला लागले. आणि माझं मलाच नवल वाटलं, मला सगळं येत होतं. त्या खोलीत उजेड फक्त वरच्या झरोक्यातून यायचा, म्हणून ती उन्हाच्या मागे मागे नळ्या उभ्या ठेवायच्या लाकडी घोड्या सरकवायची. तापमापक फुटला होता, तर ती मनगटाची आतली बाजू नळीला लावून ऊब बघायची, बाळाचं दूध बघतात तशी. बाह्या शिवताना सुई सारखी टोचायची, कारण हिला शिवायला येत नाही, कधीच आलं नाही, आणि प्रत्येक बाहीला वेगळी गाठ. एक नळी तडकली तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही, तिथेच खाली बसली आणि बाकीच्या नळ्या मोजत राहिली. फुंकरकाका म्हणाले, "पोरी, घरी जा." ती म्हणाली, "घरी काय आहे?" घरी मी होते, पण ते जाऊ दे. हातांना भेगा पडल्या होत्या. एका रोपाने वाकडी पात काढली तर हिने मला ती दाखवली. मी म्हणाले, "वाकडी आहे." ती म्हणाली, "पण हिरवी आहे."

एखाद्यावर जीव लावणाऱ्या माणसालाही इतकं आठवणार नाही. प्रेम करणारा माणूस मधेच डोळे मिटतो, हेवा करणारा मिटत नाही. मी एकही गोष्ट सोडली नव्हती, कारण तिची एकही गोष्ट मला सोसवली नव्हती. पुढे रोपं जमिनीत गेली, लोंब्या धरल्या, शेजारच्या शेतावर तांबेरा पडला आणि आमच्या वाफ्यावर पडला नाही, लोक बघायला आले, पैसा आला, दिवे लागले. नंतरची सगळी वर्षं मी भराभर सांगून टाकली. तिसऱ्या भट्टीबद्दल बोलायचं राहूनच गेलं. शेवटी मुलांना म्हणाले, "इथे कोणाचंही खरं धरू नका. उठा आणि टोका. कपाटाला कुलूप लावायला मात्र विसरू नका." हशा पिकला आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्याच होत्या, पण त्या पहिल्यांइतक्या गोड लागल्या नाहीत.

चहापाणी चाललं असताना फुंकरकाकांच्या सुनेने, आता काचेचं काम तीच बघते, मोठ्या तावदानावर माझं नाव कोरलं. मी शेजारी उभी राहून प्रत्येक अक्षर बघितलं. सुवर्णमहोत्सव, आणि खाली मी. ऊन होतं. फरशीवर सावली पडली होती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? फार आनंद झाला. तो सबंध शेडचा दरवाजा ओलांडेपर्यंत टिकला.

घरी आम्ही चालतच निघालो. धाकटी पिशवी हलवत, मी काठी टेकत. फाटकाबाहेर आल्यावर मला राहवलं नाही.

"मुद्दाम चुकलीस ना?"

"कुठे चुकले?"

"मला पायऱ्या मिळाव्यात म्हणून. माझ्यावर उपकार करायचे होते. मी उठणार हे तुला माहीत होतं."

"मला कसं माहीत असणार? मला वाटलं तू खूश होशील. टाळ्या ऐकून मान डोलावलीस की."

"ते जाऊ दे. स्वेटर दिला म्हणालीस!"

"दिलाच होतास."

"अगं, चोरलास तू! कॅमेऱ्यासमोर सिद्ध झालंय आता."

धाकटी थांबली. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तू वाईट दिसू नयेस म्हणून मी तिथे काही बोलले नाही," ती म्हणाली. "ताई, तुझं कपाट उघडं होतं."

"काहीतरीच."

"उघडं होतं. आदल्या दिवशी तू भट्टीपाशी आली होतीस. मी म्हणाले, लोकर मिळाली असती तर निभावलं असतं. तू म्हणालीस, मरू दे ती गवतं, आणि तरातरा निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी मी खोलीवर आले तर कपाट उघडं आणि स्वेटर सगळ्यांत वर, घडी घालून. मला वाटलं, तोंडाने म्हणायला तुला जड जातंय. तुला जडच जातं. म्हणून मी काही विचारलं नाही, घेतला."

"आणि संध्याकाळी मी एवढा तमाशा केला तो?"

"तो तू रोजच करायचीस," धाकटी म्हणाली. "तमाशा करायचीस, मेलं का सगळं म्हणून विचारायचीस. पण यायचीस. बाकी कोण येत होतं गं तिथे?"

ती पुढे चालू लागली. मी मागे राहिले. माझा हात गळ्याशी गेला होता, किल्ली असते तिथे. तोंडात शब्द तयार होता. चूक. साफ चूक. मी कपाट उघडं टाकून कधी गेले नाही, आयुष्यात नाही, सायकल विहिरीत गेल्या दिवसापासून नाही. आणि मी त्या भट्टीवर जायचे ते रोपं मेली का ते बघायला. हे मी कुठल्याही सभेत सांगेन.

पण तिने वळून 'कशावरून?' म्हटलं असतं तर?

स्वेटर गेला ती सकाळ मी आठवून बघितली. तिच्या हाताच्या भेगा मला आठवतात. बाह्यांच्या गाठी आठवतात, तडकलेली नळी आठवते, वाकडी पात कुठल्या घोडीवर होती ते आठवतं. स्वेटरच्या बटणांचा रंग आठवतो. खोलीतून निघताना कुलपात किल्ली फिरवली होती का, एवढंच आठवत नाही.

"ताई, चल ना," पुढून धाकटी म्हणाली. "दाढ दुखते का अजून?"

"नाही," मी म्हणाले, आणि तिला टोकलं नाही.